चाखणं म्हणजे खाणं नव्हे

माझ्या थोरल्या जाऊबाई दिवसभर उपाशी असतात. हे मी नाही म्हणत, त्या म्हणतात. संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमधून घरी आल्या की चपला काढता काढता पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही." आणि हे त्या इतक्या मनापासून म्हणतात, की त्यांच्या भरल्या अंगाकडे बघून कुणाला हसू आलं तरी ते गिळावं लागतं.

त्या कँटीनच्या मुख्य स्वयंपाकी. सगळा कारखाना त्यांच्या हातचं जेवतो. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला धाकटी म्हणतात. इतकी वर्षं आम्ही एका घरात, एका ओट्याशी काढली आणि अजून दोघींची डोकी शाबूत आहेत, यात माझा वाटा मोठा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांचं मत विचारायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

त्यांची चव घ्यायची एक पद्धत आहे. पळीतला थेंबभर रस्सा डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर घ्यायचा, फुंकर मारायची, जिभेने टिपायचा आणि क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघायचं. भिंतीवर काही लिहिलेलं नसतं, पण त्यांना दिसतं. मग एक तर "हं" म्हणायचं, नाहीतर मिठाच्या डब्याकडे हात न्यायचा. मोठ्या पातेल्यात वरची चव वेगळी आणि तळाची वेगळी, म्हणून दोनदा. मीठ घातलं की पुन्हा. तरी मनाचं समाधान झालं नाही, तर वाटीत घेऊन. असं डाळीचं, भाजीचं, रश्शाचं, चहाचं. कारखान्याचे डॉक्टर एकदा त्यांना वजनावरून बोलले तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "डॉक्टर, चाखणं म्हणजे खाणं नव्हे. ते माझं काम आहे."

पुढे जे घडलं त्याची सगळी बीजं या एका वाक्यात होती. आम्हा दोघींनाही तेव्हा ती दिसली नाहीत.

कारखान्यात बायकांची तपासणी झाली. फुकट होती, शिवाय बाकीच्या सगळ्या जणी रांगेत होत्या, म्हणून ताईही उभ्या राहिल्या. रिपोर्ट आला आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात बोलावलं गेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या तोंडापाशी एक छोटा पट्टा होता, तिथल्या पेशी बदलू लागल्या होत्या. अजून वेळ गेलेली नाही, तारेच्या एका बारीक वेढ्याने तेवढाच तुकडा काढायचा, तो तपासायला पाठवायचा, संध्याकाळी घरी. पण काढला नाही तर पुढे काय होऊ शकतं, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

पुढे काय होऊ शकतं ते ताईंना चित्र न काढताही माहीत होतं. आमच्या सासूबाई त्याच जागेच्या कर्करोगाने गेल्या. त्यांनी अंगावर काढलं, कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं हाच प्रश्न होता. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी तेव्हा नुकतीच घरात आले होते, त्यामुळे त्यांचं अंग पुसण्यापासून सगळं ताईंनी केलं. या विषयावर ताई कधीच बोलल्या नाहीत. त्यांना बोलायला आवडत नाही असा हा जगातला एकमेव विषय असावा.

तर दवाखान्याची तारीख मिळाली आणि ताईंनी ती बुडवली. कारण काय, तर कँटीनमध्ये पाहुणे जेवायला येणार होते. दुसरी तारीख मिळाली, तीही बुडवली. त्या दिवशी कँटीनचा मोठा मिक्सर बिघडला होता. मिक्सर दुरुस्त करणारा वेगळा माणूस असतो हे मी त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "तुला कँटीनमधलं काय कळतंय?" तिसरी तारीख मी स्वतः घेतली आणि भाऊजींना, म्हणजे ताईंच्या नवऱ्याला, तंबी दिली की त्या दिवशी कारखाना पेटला तरी घरी सांगायचं नाही. भाऊजी गरीब माणूस. त्यांनी नुसती मान हलवली.

आधी भूलतज्ज्ञांना भेटायचं होतं. खरं म्हणजे या कामाला पूर्ण भूल लागतेच असं नाही. त्या जागी सुया देऊन तेवढा भाग बधिर केला की पुरतं, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या होत्या. पण ताई अडून बसल्या. "मला झोपवा आणि मग काय करायचं ते करा. मला काही कळायला नको आणि काही दिसायला नको." म्हणून आम्ही त्या खोलीत जाऊन बसलो.

भूलतज्ज्ञ बारीक चणीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी ताईंना तोंड उघडायला सांगितलं, आत बॅटरी मारली, मान मागे वाकवायला सांगितली, गळ्याभोवती टेप गुंडाळली.

"खालचा हा दात हलतोय," त्या म्हणाल्या.

"जुनी सवय आहे त्याची," ताई म्हणाल्या. "पडत नाही."

"भूल देताना घशात नळी घालावी लागली तर पडू शकतो. लक्षात ठेवते मी. घोरता का?"

"छे, मी कुठली घोरायला?"

मी खोकले. भूलतज्ज्ञांनी माझ्याकडे बघितलं. भाऊजी गेली कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत झोपतात आणि आमच्या खोलीची भिंत मध्ये असूनही आमचे हे कानात कापूस घालतात, ही माहिती मी पुरवली. ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

पण भूलतज्ज्ञ हसल्या नाहीत. घोरणारं माणूस, आखूड मान, वजन, रक्तदाबाची गोळी, हे सगळं जमेला धरलं तर पूर्ण भूल देता येते, पण मला जास्त जागरूक राहावं लागेल, असं त्या म्हणाल्या. "जागेपणी करायची तयारी आहे का? तुमच्यासाठी तेच सोयीचं आहे."

"नाही," ताई म्हणाल्या. इतकं छोटं उत्तर मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं.

"बरं. मग एक गोष्ट नीट ऐका. आदल्या रात्री जेवलात की पुढे काहीही खायचं नाही. बीपीची गोळी तेवढी घोटभर पाण्याबरोबर. एरवी काही चुकीचं घशाशी आलं तर आपल्याला ठसका लागतो. भुलेत तो ठसकाही झोपतो. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर साध्या कामातून मोठं संकट उभं राहतं. म्हणून पोट रिकामं हवं. कळलं?"

"मी तर रोजच उपाशी असते," ताई म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ताई आंघोळ उरकून ओट्यापाशी उभ्या होत्या. दवाखान्यात दिवस जाणार, घरातल्या माणसांनी जेवायचं काय, म्हणून त्यांनी दोन वेळचा स्वयंपाक काढला होता. शिवाय आल्यावर स्वतःला प्यायला सूप. मी म्हटलं, "अहो ताई, आज तरी ओटा सोडा." त्या म्हणाल्या, "नुसतं बसले की डोक्यात नको ते येतं." ते मला पटलं. मी पिशवीत कागद, टॉवेल, चपला भरत होते. त्या ढवळत होत्या, तळहातावर घेत होत्या, भिंतीकडे बघत होत्या. मी ते बघितलं. पण श्वास घेणारं माणूस दिसलं म्हणून कुणी थबकून बघतं का? तसंच ते. माझ्या डोक्यापर्यंत काही पोचलंच नाही.

दवाखान्यात त्यांना मागे नाड्या असलेला हिरवा झगा दिला. तो त्यांना पुरेना. सिस्टर दुसरा झगा घेऊन आली आणि तो पहिल्यावर उलटा चढवला. ताई खाटेवर बसल्या, पाय खाली लोंबकळत होते आणि चेहरा उतरला होता. भूलतज्ज्ञ आल्या. नाडी बघितली, रक्तदाब बघितला.

"काही खाल्लंत का सकाळपासून?"

"पोटात अन्नाचा कण नाही," ताई म्हणाल्या.

तेच वाक्य, तोच सूर. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे सकाळचा ओटा उभा राहिला. डाळीचं पातेलं, रश्शाचं पातेलं, सुपाचा टोप. मी ताईंच्या डाव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याखाली हळदीचा पिवळा डाग अजून होता.

आता काय करावं? गप्प बसले तर अर्ध्या तासात सगळं उरकणार होतं. थेंबांनी काय बिघडतं, असंही मनात आलं. बोलले तर आजचं रद्द. आणि मी या बाईला पुरती ओळखत होते. आज घरी परत गेलेल्या ताई पुन्हा या खाटेवर बसणार नव्हत्या. पुढच्या खेपेला फ्रिज बिघडेल, नाहीतर कँटीनचं छप्पर गळेल. पण तो झोपलेला ठसकाही मला विसरता येईना.

"डॉक्टर," मी म्हटलं, "यांनी सकाळी स्वयंपाक केलाय. आणि चव बघितली आहे."

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पातेल्यात मूठभर मीठ ओतलं असावं.

"चव बघितली," त्या म्हणाल्या. "खाल्लं कुठे?"

"किती वेळा बघितलीत?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

"ते काय मोजायचं असतं? थेंबभर घेतलं हातावर."

"नुसतं हातावर?"

ताईंनी भिंतीकडे बघितलं. मग खरं बोलल्या, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "सुपाला काहीतरी कमी पडत होतं. कळेना. म्हणून वाटीत घेतलं. दोन वाट्या झाल्या असतील. आणि डाळ जरा घट्ट वाटत होती म्हणून भाताबरोबर बघितली."

"भाताबरोबर," भूलतज्ज्ञ म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या अजिबात चिडल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी सांगितलं, पूर्ण भूल आज नाही. पेंग येण्याचं औषधही नाही. संध्याकाळपर्यंत थांबावं तर ऑपरेशनची खोली दुसऱ्यांसाठी ठरलेली. आता दोनच वाटा. एक तर नवी तारीख, नाहीतर जागेपणी, नुसत्या बधिर करायच्या सुया देऊन.

"नवी तारीख द्या," म्हणत ताई खाटेवरून उतरल्यासुद्धा. दोन झग्यांच्या नाड्या एकमेकींत गुंतल्या होत्या, त्या सोडवायला लागल्या. सोडवता सोडवता मला म्हणाल्या, "तोंड बंद ठेवलं असतंस तर काय झालं असतं?"

मला राग आला. मी म्हटलं, "काय झालं असतं ते त्यांनी त्या दिवशी नीट सांगितलंय. आणि तुम्ही आता घरी गेलात तर काय होईल ते आपण दोघींनी घरातच बघितलंय."

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव मी घेतलं नव्हतं, पण ते खोलीत आलंच. भूलतज्ज्ञ काहीतरी बघायचं निमित्त करून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ताई पुन्हा खाटेवर बसल्या. बराच वेळ नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आईंना मी पुसायचे ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्या डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. मी बघतेय हे त्यांना बघायचं नसायचं. एवढं दुखत असायचं, पण दुखण्यापेक्षा लाजेनेच जास्त मेल्या गं त्या. मला तसं जागेपणी तिथे पडायचं नाही. चार माणसं बघणार आणि मी डोळे मिटून दिव्याखाली पडणार. त्यापेक्षा झोप बरी."

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं कधी बोलल्या नव्हत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मग डोळे मिटू नका. मी येते आत. डोक्याशी बसते. तुम्ही माझ्याकडे बघा."

"तू येऊन काय करणार?"

"बडबड. दुसरं काय येतं मला?"

ताईंनी नाक ओढलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "झोपवणाऱ्या बाई, ही बरोबर चालेल का?"

चालत होतं. मला टोपी, मास्क आणि पायांत पिशव्या मिळाल्या. आतल्या खोलीत गारठा होता. ताईंचे पाय दोन बाजूंना टेकूवर ठेवले, मध्ये कापडाचा पडदा धरला. डॉक्टरीणबाई पडद्यापलीकडे, भूलतज्ज्ञ यंत्राच्या पडद्यापाशी आणि मी स्टुलावर, ताईंच्या कानाशी. त्यांनी माझा हात असा धरला होता की माझी बांगडी मला रुतत होती.

"आता सुया देईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिमटा बसेल. छाती धडधडेल, ते औषधाने होतं, घाबरू नका."

भूलतज्ज्ञ वाकून म्हणाल्या, "आणि कानात गुणगुण वाटली, किंवा तोंडात लोखंडासारखी चव आली, तर लगेच सांगायचं. औषध रक्तात जास्त चाललंय का ते आम्हाला त्यावरून कळतं. चवीचं तुम्हाला मी काय सांगणार?"

पहिली सुई झाली. ताई कळवळल्या आणि माझ्या बोटांची हाडं जागा शोधू लागली. दुसरी झाली. मी आमच्या ह्यांनी एकदा चहात साखर समजून मीठ घातलं होतं ती गोष्ट सांगत होते. ताईंना ती पाठ आहे, तरी ऐकत होत्या. तिसऱ्या सुईला त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा."

सगळे थांबले.

ताई छताकडे बघत होत्या. त्यांचं ते भिंतीकडे बघणं मी ओळखलं. "चव येतेय," त्या म्हणाल्या. "अगदी पुसट. गंजलेली पळी चाटल्यासारखी."

डॉक्टरीणबाईंनी सुई बाहेर काढली. भूलतज्ज्ञांनी यंत्राकडे बघितलं, ताईंना बोलतं ठेवलं, कानात काही वाटतंय का, ओठ बधिर झालेत का, असं विचारत राहिल्या. नंतर चव ओसरली. ताईंनीच जाहीर केलं, "गेली." मग दुसऱ्या जागी, अगदी सावकाश, उरलेलं औषध दिलं गेलं. "बरं झालं लगेच बोललात," भूलतज्ज्ञ म्हणाल्या. ताईंचा हात जरा सैल झाला. आपल्या जिभेची दखल घेतली गेली की त्या निम्म्या बऱ्या होतात.

मग तार सुरू झाली. बारीक घरघर झाली आणि वास पसरला. ताईंनी दोनदा नाकाने ओढून बघितलं.

"काहीतरी करपतंय."

डॉक्टरीणबाईंनी काम चालूच ठेवलं.

"धाकटे, करपतंय गं. त्यांना म्हणावं आच कमी करा."

पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "बाई, मला हसवू नका. माझा हात हलता कामा नये." सिस्टरने मास्क असूनही तोंडावर हात धरला. आणि ताईंना मग हळूहळू उमगलं की करपतंय ते काय आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता डोळे मिटतील. पण त्या हसल्या. हसत असतानाच "झालं" असं ऐकू आलं.

घरी आल्यावर त्या सकाळचं सूप प्यायल्या आणि म्हणाल्या, "मिरपूड कमी पडली होती. तेच कळत नव्हतं."

तुकड्याचा रिपोर्ट यायचा होता तेवढे दिवस घरात सगळे जपून बोलत होते. ताईंनी पातेली घासून घासून पांढरी केली. मग एका दुपारी दवाखान्यात बोलावणं आलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की काढायचं होतं ते पूर्ण निघालंय, कडा स्वच्छ आहेत, कर्करोग नाही. अधूनमधून तपासायला मात्र यायचं. भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं तर ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताई म्हणाल्या, "चला आता, माझी डाळ शिजायची आहे."

ज्या बाईला त्या जागेचं नाव घेता येत नव्हतं, ती आता कँटीनच्या काउंटरवर उभी राहून कामगार बायकांना विचारते, "तपासून घेतलंस का?" नाही म्हटलं तर पळी हवेतच थांबते. भाजी दुसऱ्यांदा हवी असेल तर आधी तपासणीची तारीख सांगावी लागते.

एका रात्री भांडी विसळताना त्यांनी मलाच विचारलं, "आणि तू?"

मी म्हटलं, मला कुठे वेळ आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, शिवाय आमचा मिक्सर आवाज करतोय. त्यांनी नळ बंद केला. "धाकटे, विनोद पुरे झाले. कधी केलीस शेवटची?"

मी कधीच केली नव्हती. दुसऱ्यांना खाटेवर चढवताना माझी जीभ फार चालते, पण स्वतःचं नाव निघालं की मीही घाबरून मिक्सर पुढे करते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंना सांगायची गरज पडली नाही.

त्यांनी कँटीनमधून सुट्टी घेतली. माझ्या माहितीत ती त्यांची पहिली सुट्टी. तपासणीच्या खोलीत मी आडवी झाले तेव्हा माझे पाय लाकडासारखे ताठ झाले होते आणि डोळे आपोआप घट्ट मिटले होते. मी आईंसारखीच पडले होते. डोक्याशी ताई स्टूल ओढून बसल्या. त्यांच्या हाताला कांद्याचा वास येत होता.

"डोळे उघड," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ. आणि सकाळी खाल्लंस का काही? याला उपाशी राहावं लागत नाही, मी विचारून घेतलंय. डबा आणलाय."

सिस्टर आत आली, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "यांना बाहेर बसायला सांगू का?"

मी डोळे उघडले. "नाही," मी म्हटलं. "त्यांना इथेच बसू द्या. माझ्या जाऊबाई आहेत."